पट्टा वरडतो, दुखतं दुसरीकडं

आमच्या घरची वीस वर्षांची डिझेल गाडी भाड्यानं चालते. सहा माणसांची चूल तिच्यावर. १३ ऑक्टोबरचं येवल्याचं भाडं ठरलेलं. १९३५ साली याच तारखेला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, त्या मुक्तिभूमीवर वस्तीतली म्हातारी माणसं न्यायची. आणि गाडी सकाळी चालू केली की किंचाळायची. हेडलाइट लावले की जास्तच.

गॅरेजवाल्यानं वर्षात दोनदा पट्टा बदलला. पैसे मोजून घेतले, कारण सांगितलं नाही. विचारलं तर, "तुला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यानंही ऐकलेलं. बाप गप्प राहिला. मला ते सोसलं नाही.

सातपूरच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झालेला मामा पाळी संपवून आला. म्हणाला, "भाच्या, पट्टा वरडतोय, पण दुखतंय दुसरीकडं. बघ."

एकच लांब पट्टा. इंजिनाच्या जोरावर आल्टरनेटर फिरवतो, वॉटर पंप फिरवतो, स्टिअरिंगचा पंपही. त्याला ताणून धरतो टेन्शनर. आत स्प्रिंग, टोकाला पुली. स्प्रिंग थकली की पट्टा ढिला पडतो, घसरतो. तुटला तर पाणी फिरायचं थांबतं, इंजिन तापून बसतं. विंचूरजवळ, म्हातारी माणसं घेऊन?

मामानं हात लांब ठेवून चालत्या पट्ट्यावर बाटलीनं थोडं पाणी मारलं. आवाज वाढला. "दबला असता तर पुल्या एका रेषेत नाहीत असं धरलं असतं. वाढला, म्हणजे ताण नाही." टेन्शनरचा दांडा थडथड हलत होता. तो जवळजवळ स्थिर पाहिजे. इंजिन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पट्टा कुठून कसा जातो ते आधी कागदावर काढून घेतलं. मग पान्यानं दांडा मागं दाबून पट्टा उतरवला. पुली हातानं फिरवली तर जात्यात खडे पडल्यासारखी खरखर. बेरिंग गेलेली. असे दहा पट्टे घातले असते तरी तेच.

जुन्या बाजारात टेन्शनर स्वस्त मिळतो, पण घेऊ नये. त्याची स्प्रिंगही तेवढीच दमलेली. उसने पैसे काढून नवाच आणला. बोल्ट आवळले, पट्टा प्रत्येक पुलीच्या खाचेत बसला का ते बोट फिरवून पाहिलं. चालू केली. आवाज नाही. बाप म्हणाला, "हेडलाइट लाव परत."

येवल्याला जाऊन आलो. जुना टेन्शनर मामानं भंगारात घालू दिला नाही. विहाराच्या ओट्यावर पोरं बसतात तिथं नेला. एकेकाच्या हातात देऊन म्हणाला, "फिरवा. ऐका."