काडीतला घड आणि शहराचा बाजार

द्राक्षबागेचं नुकसान ही बागायतदाराची खासगी बाब आहे, असं मी नोकरीत असताना ठामपणे मानत होतो. नाशिकला बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसून हे मत झालं होतं. द्राक्ष हे मोठ्या भांडवलाचं आणि मोठ्या जोखमीचं पीक. साधलं तर चार एकरांत बंगला उभा राहतो. मग एखादं साल हातचं गेलं तर सरकारने का धावावं? येवला-नांदगावकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हक्क आधी, असं मी म्हणायचो. ते मला आजही पटतं. पण तो सगळा हिशेब वाईट साल क्वचितच येतं, या समजुतीवर उभा होता.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीला मी अपवाद म्हटलं. २०१९ला ऑक्टोबरभर पाऊस हटेना, बागांवर डावणी रोग पसरला, तोही अपवाद. २६ नोव्हेंबर २०२३ला निफाडकडे गारांनी बागा झोडपल्या, तेव्हा मात्र तो शब्द तोंडातून निघेना. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे वाचून माहीत होतं. ते आपल्या जिल्ह्याच्या कर्जखात्यांना लागू आहे, हे मनाने घेतलं नव्हतं.

मत पुरतं फिरलं ते २०२५मध्ये. त्या वर्षी पाऊस मेमध्येच सुरू झाला आणि दिवाळी उलटली तरी जाईना. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी फुटते, तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्यासाठी मे-जूनचं ऊन लागतं. आभाळ भरलेलं आणि मुळं पाण्यात असली की घड जिरतो, त्याच्या जागी बाळी निघते. बाग मात्र हिरवीगार दिसते. ऑक्टोबर छाटणी होऊन नवी फूट आल्यावरच ते कळतं. दिंडोरी तालुक्यातल्या एका जुन्या खातेदारांनी मला बागेत ती फूट उलगडून दाखवली. पान, पुन्हा पान, आणि घडाच्या जागी दोऱ्यासारखी बाळी. ‘साहेब, यंदा काडीत मालच नाही,’ एवढंच ते बोलले. खत, फवारणी, मजुरी सगळं वेळेवर झालं होतं. शेतकऱ्याचं कुठे चुकलं हे आधी शोधायची माझी सवय. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

विमा आहे की, असं मी पूर्वी लगेच म्हटलं असतं. पण द्राक्षाचा हवामान विमा मुख्यतः ऑक्टोबरपासून पुढचा अवेळी पाऊस मोजतो. मेच्या पावसात जिरलेल्या घडासाठी त्यात रकानाच नाही.

आम्ही शहरातले लोक या सगळ्याकडे गावाकडची बातमी म्हणून बघतो. वास्तविक हवामान शहरालाही सोडत नाही, हे २०१६ने आम्हाला पुरेसं दाखवलं होतं. त्या एप्रिलमध्ये नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं आणि ऑगस्टच्या २ तारखेला त्याच गोदावरीचा पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला बुडवून सराफ बाजारात शिरला. पुराचं पाणी ओसरतं, दुकानं धुऊन पुन्हा उघडतात. बाग गेली की बाजारात येणारं गिऱ्हाईकच आटतं. द्राक्षाचा पैसा हातात आला की सोनं, ट्रॅक्टर, मुलांच्या कॉलेजची फी, गंगापूर रोडचा फ्लॅट हे सगळं हलतं. कर्जाच्या टेबलावरून मी ते दर हंगामाला बघत होतो, तरीही नुकसान मात्र एकट्याच्या नावावर टाकत होतो.

म्हणून आज मी बागेवरच्या प्लॅस्टिक आच्छादनाला भरघोस अनुदान मागतो, विम्यात मे ते जुलै धरा म्हणतो, आणि त्याचा भार शहरातल्या करदात्यानेही उचलावा म्हणतो. कर्जमाफीला माझा विरोध मात्र कायम आहे. ती फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्यापर्यंत पोचते, मजुरापर्यंत नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) यांसाठी सुरगाणा-पेठहून येणाऱ्या मजुरांचं वर्षाचं गणित हंगामाच्या चार-पाच महिन्यांवर बसलेलं असतं. घडच नाहीत म्हटल्यावर विरळणी कशाची करणार? त्यांचे बुडालेले रोज कोणत्याच पंचनाम्यात येत नाहीत. ते कसे भरून द्यायचे, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.