पुढे काय?

व्याकरणात भविष्यकाळासारखा सोपा काळ नाही. धातूला ‘ईल’ जोडले की काम झाले! पण वर्ग सुटला की हाच काळ माझ्या विद्यार्थ्यांच्या मानगुटीवर बसतो.

आमच्या नांदेडच्या कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला काही मुले लातूरहून आलेली असतात. दोन-दोन वर्षे शिकवणीवर्गांत घालवलेली, डॉक्टर व्हायचे राहून गेलेली. २०२४ साली देशात २३ लाखांवर मुले ‘नीट’ला बसली, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला नकारच यायचा. तरी प्रत्येकाला वाटते, हरलो तो मी एकटाच.

गेल्या दिवाळीत वसतिगृह रिकामे झाले, पण त्यांतला एक मुलगा मागेच राहिला.

“गावी नाही गेलास?”

“सर, जो तो विचारतो, पुढं काय? वडलांनी रान गहाण ठेवून शिकवलं. काय सांगू त्यांना?”

‘सारे ठीक होईल’ हे शब्द माझ्या ओठांवर आले. पण तोही भविष्यकाळच की! मग मी त्याला नरहर कुरुंदकरांविषयी सांगितले. ते इंटरला नापास झाले होते. पण त्यांचे वाचन थांबले नाही. नांदेडच्या शाळेत ते शिक्षक झाले, पुढे एम. ए. झाले आणि येथल्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्यही झाले.

“पण सर, सगळेच काय कुरुंदकर होतात?”

मुलाचे खरेच होते. पण नापास झाले त्या दिवशी आपण कुरुंदकर होणार, हे कुरुंदकरांना तरी कुठे ठाऊक होते? मानसशास्त्रज्ञ ज्याला मनाची लवचिकता म्हणतात, ती मला यातच दिसते. भीती जाण्याची वाट पाहायची नाही. तिला शेजारी बसू द्यायचे आणि आपल्याला मोलाचे वाटते ते काम हाती घ्यायचे. एक वाट बंद झाली, तर दुसरीने चालायचे.

“पुढचे राहू दे. आज घरी काय चालले असेल?” मी विचारले.

“सोयाबीनची रास,” तो म्हणाला, आणि गप्प झाला. संध्याकाळच्या एस. टी.ने तो गेला.

सुट्टी संपल्यावर भेटला तेव्हा त्याच्या हातांवर शेंगांचे ओरखडे होते.

“वडील काय म्हणाले रे?”

“काही नाही सर. म्हणाले, बरं झालं आलास. मजूरच मिळत नव्हते!”