वेताळ टेकडीवरची हाक

मुलांनो, पुण्याची वेताळ टेकडी पाहिलीत का तुम्ही? समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पुण्यातल्या टेकड्यांमध्ये हिचाच माथा सगळ्यांत वर! तिथं वेताळाचं देऊळ आहे, गिरिपुष्पाची झाडं आहेत, पावसाळ्यात हिरवंगार गवत असतं आणि सकाळी मोरांचे आवाज ऐकू येतात. आणि हो, तिथं दगडाची एक जुनी खाणही आहे. उभे तुटलेले कडे अन् खाली साचलेलं पाणी. ही खाण लक्षात ठेवा बरं का!

आमच्या घरी बंड्या नावाचं गावठी पिल्लू आलं, तेव्हा ते दोन महिन्यांचं होतं. तिसऱ्या महिन्यात त्याला रेबीजची लस टोचली. सगळ्या लशी पुऱ्या झाल्या आणि मग त्याची शाळा सुरू झाली. विषय एकच : हाक मारली की परत यायचं.

पहिला धडा घरातच. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून म्हणायची, "बंड्या, ये!" आला की शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा. दुसरा धडा अंगणात, फाटक बंद करून. तिसरा मोकळ्या मैदानावर, पण गळ्यातल्या पट्ट्याला दहा मीटरची लांब दोरी बांधून.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? अवघड होतं ते माझ्यासाठीच! एकदा बंड्यानं माझी चप्पल पळवली. मी त्याला हाक मारली आणि तो आल्यावर चांगली रागावले. झालं! पुढचे चार दिवस स्वारी लांबूनच बघायची. त्याला वाटलं, 'बाईंकडे गेलं की ओरडा बसतो.' तेव्हापासून नियम केला : आलेल्या पिल्लाला कधीही रागवायचं नाही. आणि दर वेळी लगेच बांधूनही टाकायचं नाही. नाहीतर हाक म्हणजे खेळ संपला, असंच त्याला वाटतं.

बंड्या आठ महिन्यांचा झाला. एका रविवारी त्याला टेकडीवर नेलं. मोर असल्यामुळे तिथं त्याला मोकळं सोडायचं नाही, हे ठरलेलंच होतं. पण झुडपातून अचानक लांडोर उडाली, बंड्यानं हिसका दिला आणि साखळीची कडी निसटली! बंड्या सुसाट निघाला, तोही थेट खाणीच्या दिशेनं.

माझ्या पोटात गोळा आला. त्याच्यामागं धावावंसं वाटलं. पण मागं धावलं की पिल्लाला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो आणि ते आणखी जोरात पळतं. म्हणून मी पाठ फिरवली, उलट्या दिशेला धावत सुटले आणि आनंदानं ओरडले, "बंड्या, ये!"

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग मागून धापा टाकल्याचा आवाज आला. बंड्या माझ्या पायाशी हजर! त्या दिवशी खिशातलं सगळं अंडं त्यालाच मिळालं.

आता बंड्या आमच्या कुंपणाच्या मैदानात साखळीशिवाय हुंदडतो. टेकडीवर मात्र साखळी असतेच, आणि निघण्यापूर्वी मी तिची कडी दोनदा ओढून बघते. तुमच्याकडे पिल्लू आहे? मग आजच खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा आणि एक हाक मारून बघा. तुकडा तेवढा विसरू नका!