लिंबावरचा पाहुणा

लिंबाच्या रोपाला कोवळी पालवी फुटली, की एक काळे-पिवळे फुलपाखरू अंगणात घिरट्या घालू लागते. त्याच्या काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची दाट नक्षी असते आणि मागच्या पंखांच्या आतल्या कोपऱ्यांत एकेक तांबडा ठिपका. त्याच्या भाऊबंदांपैकी पुष्कळांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखी टोके असतात. याला ती नसतात. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. अंगणात मात्र ‘लिंबावरचे फुलपाखरू’ एवढी ओळख पुरते.

मादी पानावर क्षणभर टेकते व पुढच्या पायांनी ते चाचपते. पानाची चव तिला पायांनीच कळते! पान लिंबाचे, कढीलिंबाचे किंवा बेलाचे आहे अशी खात्री पटली, की मोहरीएवढे पिवळसर अंडे तेथे चिकटवून ती पुढच्या पानाकडे वळते.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. तिचे रूप किळसवाणे, आणि तेच तिचे कवच. तपकिरी अंगावर पांढरे डाग. पानावर पडलेली पाखराची विष्ठाच जणू! तिला चोच कोण लावणार? चार वेळा कात टाकून ती मोठी झाली, म्हणजे हे सोंग निभत नाही. मग ती पानासारखी हिरवीगार होते. काडीने डिवचले, तर डोक्यामागून दुबेळके मऊ शिंग बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते.

येथेच माणसाचे आणि फुलपाखराचे बिनसते. विदर्भातील संत्र्यांच्या रोपवाटिकांत या अळ्या कोवळ्या रोपांच्या नुसत्या काड्या करून ठेवतात. तेथे त्या वेचून मारतात. ज्याचे पोट रोपांवर आहे, त्याला नावे कोणी ठेवावीत? अंगणातल्या वाढत्या झाडाची गोष्ट निराळी. चार-सहा अळ्यांनी त्याचे फारसे बिघडत नाही. शिवाय अळीच्या अंगात अंडी घालणारे बारीक कीटक त्यांची संख्या आटोक्यात ठेवतातच. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताची अळीही याच कुळातील झाडांवर पोसते. चपलेखाली चिरडलेली अळी कोणाची होती, हे सहसा कोणी पाहत नाही.

पोट भरले, की अळी डहाळीला चिकटते, अंगाभोवती रेशमाचा एक धागा आवळून घेते आणि अखेरची कात टाकून कोश बनते. हिरव्या पाल्यात कोश बहुधा हिरवा, सुकल्या काटक्यांत तपकिरी. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी एखाद्या सकाळी तो उकलतो. ओल्या, चुरगळलेल्या पंखांचे फुलपाखरू डहाळी धरून लोंबकळत राहते. पंख हळूहळू ताठ होतात, वाळतात आणि ते उडून जाते. रिकामे टरफल मात्र त्या एका धाग्याच्या आधाराने काही दिवस फांदीवर तसेच असते.