जुनी नाव

हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिण अंगाचे गाव. तेथून समुद्र शेकडो मैल दूर. परंतु त्याच विदर्भात वैनगंगेवर ढीवरांचे डोंगे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. एका बुंध्याचा डोंगा असो वा कोकणातील फळ्यांची होडी असो, लाकडी नावेस पाण्याचा विरह सोसवत नाही. ती फार दिवस कोरड्यावर राहिली, की लाकूड आकसते, तडे जातात, सांधे उघडे पडतात.

अशी होडी हाती आली, म्हणजे जाणता सुतार प्रथम ती ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी. बद्द आला तर आतून कुजलेले. कुजका भाग तेवढाच काढून तो तेथे नवे लाकूड जोडतो. सांध्यांत कापूस ठोकून बसवतो, वर तेलाचा हात देतो. पाण्यात उतरल्यावर होडी प्रथम थोडी गळते. पाहणाऱ्याचा धीर सुटतो. परंतु लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप मिटतात.

मुंबईत १८१७ साली सागवानाचे बांधलेले 'त्रिंकोमाली' जहाज पुढे इंग्लंडात जीर्ण झाले. हार्टलपूल येथे कारागीर त्यावर अनेक वर्षे खपले. २००१ साली काम पुरे झाले. त्यातील बरेचसे लाकूड आजही मूळचेच आहे.

आता फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या, कमी निगेच्या. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु लाकडी नाव नाहीशी झाली, तर दुसरी बांधता येईल. तिचा आवाज ओळखणारा कान कोणत्या लाकडातून घडवावयाचा?