‘पुरे’ म्हणणारी आत्या

आमच्या जुन्या वाड्यांत मुंज-लग्नाचा स्वयंपाक असला म्हणजे आचारी चार असत, वाढपी दहा असत. परंतु कोठीच्या दाराशीं पाट मांडून बसणारी आत्या एकच असे. ती लाडू वळीत नसे कीं फोडणी घालीत नसे. योग्य वेळीं ‘पुरे’ म्हणणें एवढेंच तिचें काम. ‘बुंदी पुरे’, ‘आतां भात लावूं नका’, असा तिचा आवाज आला कीं कढई खालीं उतरे. घरांत निरुपयोगी माणूस कोणी असेल तर तें आत्याच, असें आम्हां मुलांचें ठाम मत होतें. तिची काठी लपविण्यांत दादा पुढाकारी. पुढें एका वर्षीं ती अंथरुणाला खिळली, आणि नेमकी त्याच वर्षीं धाकट्या भावाची मुंज निघाली. कोणीच ‘पुरे’ म्हणेना. दुसऱ्या दिवशीं आळींत अन्न वांटलें, तिसऱ्या दिवशीं तें गुरांपुढें गेलें, आणि वडील वर्षभर वाण्याचें देणें फेडीत राहिले.

या गोष्टीला साठ वर्षें होत आलीं. गेल्या वर्षीं ती मला एकाएकीं आठवली, ती दादाच्या रक्ताच्या अहवालामुळें.

दादा आतां ऐंशीच्या घरांत आहे. नेहमींच्या तपासणींत पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्या, आणि पुढील तपासण्यांनीं रोगाचें नांव निश्चित केलें: क्रॉनिक लिंफोसायटिक ल्यूकेमिया, म्हणजे संथपणें वाढणारा रक्ताचा कर्करोग. डॉक्टर शांतपणें म्हणाले, “यांच्या रोगट पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळाला आहे. या रोगाच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत तो गळालेला असतो, आणि एवढाच दोष असणें हें त्यांतल्या त्यांत सौम्य लक्षण. सध्यां औषध नको. तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त पाहूं.”

वहिनींना हें मुळींच रुचलें नाहीं. “कर्करोग म्हणायचें आणि औषध नको म्हणायचें, ही कोणती रीत?” असें त्या वाटभर म्हणत होत्या. दादा मात्र घरीं आल्यावर मला म्हणाला, “तूं जन्मभर पुस्तकें वाचलींस. माझें गळालें तें काय, एवढें मला शोधून सांग.”

मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें. जीवशास्त्राशीं माझा संबंध शाळेंतील बेडकापुरताच. तरीहि दोन महिने ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजविल्या, एका डॉक्टर भाचीला भंडावून सोडलें, आणि जें हातीं लागलें तें असें.

पेशी हें एक मोठें स्वयंपाकघरच आहे. पाककृतींची मूळ पोथी म्हणजे डी. एन. ए.; ती केंद्रकांत जपून ठेवलेली असते. लागेल त्या पाककृतीची नक्कल एका चिठ्ठीवर उतरून बाहेर येते. ती चिठ्ठी म्हणजे निरोप्या आर. एन. ए. ती वाचून प्रथिनें तयार करणारे आचारी म्हणजे रायबोसोम. वाढत्या पेशींत हे लाखांनीं मोजावे लागतात, आणि एकेक आचारी सेकंदाला सुमारें पांच-सहा कण जोडीत प्रथिनाची माळ ओंवतो. यांची रचना उलगडून दाखविल्याबद्दल २००९ सालीं ज्या तिघांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत वेंकटरामन रामकृष्णन् हे एक. ते बडोद्याच्या विद्यापीठाचे पदवीधर, आणि माझें आजोळहि बडोद्याचें. तेव्हां हें वाचून मला उगीचच अभिमान वाटला.

कर्करोगाच्या पेशींना पुष्कळदां हे आचारी अधिक लागतात, कारण सतत दुप्पट व्हावयाचें तर प्रथिनेंहि दुप्पट हवींत. रायबोसोम जेथें घडतात ती केंद्रकांतील गांठ अनेक अर्बुदांत फुगलेली दिसते. ॲक्टिनोमायसिन-डी हें जुनें औषध तर त्या घडणीवरच घाव घालतें. परंतु दादाच्या रोगांतली गोम निराळी होती. तेथें आचाऱ्यांना आवरणारें माणूसच नाहींसें झालें होतें.

१९९३ सालीं अमेरिकेंत व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनीं एक मिलिमीटर लांबीच्या किड्यांतली एक विलक्षण वस्तु उजेडांत आणली: अवघ्या २२ अक्षरांचा आर. एन. ए. त्यांत कोणत्याहि प्रथिनाची पाककृति नव्हती. तो दुसऱ्याच्या चिठ्ठीला जाऊन चिकटे, आणि मग त्या चिठ्ठीवरून होणारें प्रथिन कमी होई. किड्यांतला एक चमत्कार म्हणून इतरांनीं तिकडे सात वर्षें फारसें लक्ष दिलें नाहीं. २००० सालीं असाच दुसरा सूक्ष्म आर. एन. ए. माणसांतहि आढळला, तेव्हां सारे जागे झाले. त्या दोघांना २०२४ सालीं वैद्यकाचें नोबेल मिळालें.

२००२ सालीं फिलाडेल्फियांतील संशोधकांनीं दादाच्याच रोगांत गळणारा तुकडा धुंडाळला. तेथें एखादें मोठें, प्रथिन घडविणारें जनुक असेल, ही जुनी अपेक्षा. सांपडले ते दोन सूक्ष्म आर. एन. ए.: मिर-१५ आणि मिर-१६. हे दोघे बी. सी. एल.-२ नांवाच्या प्रथिनाच्या चिठ्ठीवर हात ठेवतात, असें २००५ सालीं कळलें. तें प्रथिन पेशीला मरूं देत नाहीं. आत्या उठून गेली. रायबोसोम ती चिठ्ठी वाचीतच राहिले. आणि वेळेवर मरावयाच्या पेशी रक्तांत सांचत गेल्या. पुढें उंदरांतून हा तुकडा काढून पाहिला, तेव्हां त्यांच्यापैकीं कांहींना तसाच रोग जडला.

गेलेल्या आत्येला परत आणणें मात्र अजून साधलेलें नाहीं. मिर-३४ या दुसऱ्या एका सूक्ष्म आर. एन. ए.ची नक्कल रोग्यांना बाहेरून देण्याचा प्रयोग २०१६ सालीं गंभीर दुष्परिणामांमुळें थांबवावा लागला. त्याच वर्षीं वेनेटोक्लॅक्स ही गोळी अमेरिकेंत मान्य झाली. ती त्या बी. सी. एल.-२ लाच जखडून ठेवते. तिनें पेशी इतक्या झपाट्यानें मरतात कीं, २० मिलिग्रॅमपासून आरंभ करून पांच आठवड्यांत ४०० पर्यंत चढावें लागतें. लक्षणें नसतांना लवकर औषध दिल्यानें अशा रोग्यांचें आयुष्य वाढल्याचें मात्र प्रयोगांत दिसलें नाहीं. डॉक्टरांचा धीर यासाठींच.

हें सारें मीं दादाला एका संध्याकाळीं ओसरीवर सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तिला मीं कधीं धड नमस्कारसुद्धां केला नाहीं रे.” थोड्या वेळानें वहिनींकडे वळून म्हणाला, “डॉक्टर तरी काय म्हणतात? सध्यां पुरे, एवढेंच ना?”

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों, भिंतीवरील दिनदर्शिकेंत पुढच्या तपासणीच्या तारखेभोंवतीं त्यांनीं कुंकवाचें वर्तुळ काढलें होतें. त्यानंतर औषधाची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढली नाहीं.