सरोवराकाठची सावकाश वाट

बोडेनसे सरोवराभोवतीचा सायकलमार्ग सुमारे २६० किलोमीटरचा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारा. वाट बहुतांशी सपाट, कडेला सफरचंदांच्या बागा आणि द्राक्षमळे. दररोज ३० किलोमीटर धरल्यास नऊ दिवस लागतात. विश्रांतीचे दोन दिवस अधिक ठेवा. निघण्यापूर्वी गुडघे व हृदय डॉक्टरांकडून तपासून घ्या. जोडीदाराला सायकल झेपत नसेल, तर त्यांनी काठच्या रेल्वेने पुढे जावे. सायंकाळी एकाच मुक्कामी भेट होईल. थकवा आला, तर कॉन्स्टान्झहून सायकलीसह फेरीबोटीत बसा. पाव तासात मेर्सबुर्ग येते, मोठा फेरा वाचतो. मात्र कुठे थांबायचे, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवा. वाटेत ठरवू गेलात, तर हट्टच जिंकतो.